बारा आठवडे आधी: एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराबाहेर बसणाऱ्यांसाठी

बोटातली अंगठी काढा. लग्नाची असली, चर्चच्या पाळकांनी आशीर्वाद देऊन घातलेली असली, तरी काढा. बांगड्या, घड्याळ, मनगटावरचा दोरा, सगळं पर्समध्ये. मी पहिल्या दिवशी सिस्टरशी हुज्जत घातली होती, की ही अंगठी नऊ वर्षांत एकदाही उतरली नाही. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते, तिच्याखाली नऊ वर्षांचं काय काय साठलं असेल." मी गप बसले आणि साबण लावून अंगठी काढली.

मग कोपरापर्यंत हात धुवायचे. बोटांच्या बेचक्या, नखांची टोकं, अंगठ्याची मागची बाजू, पूर्ण एक मिनिट. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट किती असतं ते कळत नाही, दहा सेकंदांतच झालं असं वाटतं. मी प्रभूची प्रार्थना मनात म्हणायचे. "हे आमच्या स्वर्गातील पित्या"पासून आमेनपर्यंत सावकाश म्हटलं की अर्धं मिनिट होतं. ती दोनदा म्हणायची. पन्नास दिवसांत ती प्रार्थना मी बेसिनपाशी जितक्या वेळा म्हटली, तितकी उभ्या आयुष्यात देवळात म्हटली नसेन.

मी नगरची. मराठी शाळेत शिकवते. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले आणि सोनोग्राफीत दोन ठोके दिसले. अठ्ठाविसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. नगरच्या डॉक्टरांनी दोन शहाणपणाची कामं केली. बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू केली, आणि बाळं पोटात असतानाच आम्हाला पुण्याला पाठवलं. अजून प्रसूती झाली नसेल पण लक्षणं दिसत असतील, तर हे दोन प्रश्न आजच विचारा: इंजेक्शन दिलं का, आणि इथे एवढ्या लहान बाळाची सोय आहे का. जन्मल्यावर अँब्युलन्समधून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं बाळाला केव्हाही बरं. नगर ते पुणे एकशेवीस किलोमीटर, आणि मी सगळा वेळ डाव्या कुशीवर पडून खिडकीतून विजेच्या तारा बघत होते.

मुलगा १०४० ग्रॅमचा झाला, मुलगी ९८० ग्रॅमची. बाळाला उबेत ठेवायच्या पेटीवरच्या कार्डावर माझं नाव आणि पुढे 'बेबी वन', 'बेबी टू'. बाळ सदतीस आठवड्यांच्या आधी आलं की ते अपुऱ्या दिवसांचं. बत्तिसाच्या आत आलं तर फार लवकर, अठ्ठाविसाच्या आत तर अतिलवकर. आम्ही त्या शेवटच्या उंबऱ्यावर होतो.

पहिल्यांदा बघाल तेव्हा

आधी यंत्रांकडे लक्ष जातं. तसं करू नका, आधी बाळाकडे बघा. छाती वरखाली होते आहे का, रंग कसा आहे, हाताची मूठ कशी आहे. त्वचा ओल्या पातळ कागदासारखी असते, खालच्या शिरा दिसतात. कानाची पाळी मऊ, दुमडली तर दुमडलेलीच राहते. हे सगळं त्या वयाला ठीक आहे.

नाकात दोन छोट्या नळ्या आणि बाजूला पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत असतील तर तो बबल सीपॅप. बाळ स्वतः श्वास घेतं, यंत्र फुप्फुस मिटू देत नाही. बुडबुडे थांबले तर सिस्टरला सांगा, कुठेतरी नळी सुटलेली असते. पायाला लाल दिवा लावलेला असतो तो रक्तातला ऑक्सिजन मोजतो. ऑक्सिजन चालू असलेल्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे तो आकडा, साधारण नव्वद ते पंचाण्णव टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. शंभर दिसलं की आपल्याला बरं वाटतं, पण जास्तीचा ऑक्सिजन त्यांच्या डोळ्यांना वाईट. मी दोन दिवस मनातल्या मनात शंभरासाठी देवाचा धावा करत होते. डॉक्टरांनी समजावल्यावर हसावं की रडावं कळेना.

अलार्म खूप वाजतात. निम्म्या वेळा बाळाने पाय हलवून दिवा सैल केलेला असतो. कधी खरंच बाळ श्वास घ्यायला विसरतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं म्हणून. त्यासाठी कॅफीन देतात, हो, चहा-कॉफीतलंच, औषधाच्या मापात. सिस्टर तळपायाला टिचकी मारते, बाळ पुन्हा श्वास घेतं, आणि ती शांतपणे वहीत नोंद करते. तिच्या चेहऱ्याकडे बघायला शिका. ती पळाली तर काळजी करायची.

बाळाला थोपटू नका. आपला हात आपोआप थोपटायला जातो, पण एवढ्या बाळाला ते सोसत नाही. एक हात डोक्यावर आणि एक हात दुमडलेल्या पायांवर, वजन न टाकता, नुसता ठेवायचा. बाळाला पोटातल्यासारखं वाटतं. मिनिटभरात श्वास संथ होतो, ते आकड्यांतही दिसतं.

इथे माझी एक चूक सांगते. आमच्या प्रार्थना गटातल्या एक आजी नगरहून अभिषेकाचं तेल घेऊन आल्या. चिमुकली बाटली, त्यावर वर्षानुवर्षं प्रार्थना झालेली. मी ती पदरात लपवून आत नेली आणि मुलीच्या कपाळाला बोट लावणार तेवढ्यात सिस्टरने मनगट धरलं. ती स्वतः केरळची, गळ्यात क्रूस घालणारी. म्हणाली, "माझ्याही आईने हेच केलं असतं. पण या त्वचेतून जंतू सरळ आत जातात." शेवटी आम्ही तेल माझ्या कपाळाला लावलं, बाहेरच्या बाकावर, त्या आजींनीच. पवित्र शास्त्राचं छोटं पुस्तक, क्रूस, फोटो, काहीही आत न्यायचं तर आधी विचारा. आमचं एक वचन लिहिलेलं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून, पुसून, पेटीच्या बाहेरच्या बाजूला अडकवायला त्यांनी परवानगी दिली.

दूध: तुमचं खरं काम

डॉक्टर, सिस्टर, यंत्रं आपापलं करतात. आईला वाटतं आपण नुसतं बसून आहोत. तर ऐका, या खोलीत जे औषध फक्त तुमच्याकडे आहे ते म्हणजे दूध. आईच्या दुधावरच्या बाळांना आतड्याचा तो भयंकर आजार, ज्याला तिथे सगळे एनईसी म्हणतात, कमी होतो. संसर्गही कमी होतात.

प्रसूतीनंतर जमेल तितक्या लवकर सुरुवात करा, पहिल्या तासात जमलं तर उत्तम. सिझेरियन झालं असेल तर पडल्या पडल्या कोणाची तरी मदत घ्या. हाताने काढायची रीत अशी. हात धुवा. ओल्या कोमट कापडाने स्तन शेका. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडापासून दीड इंच मागे ठेवा. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. पुन्हा. बोटं त्वचेवर घासू नका. धार मंदावली की बोटांची जागा फिरवा, मग दुसरी बाजू. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, आणि त्यातली किमान एक वेळ रात्रीची. रात्री दूध सुटायची ताकद जास्त असते. रात्रीची पाळी झोपेपायी सोडली की चार दिवसांत दूध आटू लागतं. हे मी शेजारच्या बाकावरच्या बाईचं पाहिलं, नंतर माझंही.

पहिल्यांदा मला अर्धा तास लागला आणि निघालं दीड एमएल. घट्ट, पिवळं, हळदीच्या दुधासारखं. दोन एमएलच्या सिरिंजमध्ये भरून ती मुठीत धरून मी भिंतीच्या आधाराने गेले. वाटेत वाटलं, एवढंसं द्यायला लाज वाटते. सिस्टरने ते दोन वाट्यांत समान केलं आणि म्हणाली, "दोघांनाही आज एवढंच पचेल." पोटातल्या नळीतून, सिरिंज उंच धरून, आपोआप उतरू द्यायचं. त्या उतरणाऱ्या पिवळ्या रेषेकडे आम्ही दोघं नवराबायको असे बघत होतो जसं कोणी दिवाळीचं आकाशही बघत नसेल.

प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, वेळ. बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रिजमध्ये साधारण एक दिवस, आणि तुमच्या रुग्णालयाचा नियम वेगळा असेल तर तोच पाळा. दूध कमी पडलं तर डब्याच्या दुधाआधी दूधपेढीची चौकशी करा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता पुण्यातही सोय आहे.

रात्री तीनची पाळी सगळ्यात एकटी असते. नवरा धर्मशाळेत झोपलेला, वॉर्डात दुसऱ्यांची बाळं रडतायत, तुमचं मात्र दोन मजले वर. मी त्या वेळी बायबलमधलं स्तोत्र १२१ म्हणायचे. आठच वचनं आहेत, हात गुंतलेले असले तरी तोंडपाठ म्हणता येतात. राखणारा झोपत नाही, त्याला डुलकीही लागत नाही, असं त्यात आहे. तीन वाजता जाग्या असणाऱ्या बाईला याहून दुसरं काही नको असतं. आणि जेव्हा तेही तोंडातून फुटत नव्हतं तेव्हा स्तोत्र १३. त्यात 'कोठवर' असा प्रश्न देवाला चारदा विचारलाय. विश्वासणाऱ्याने तक्रार करू नये असं कोणी सांगितलं तर त्यांना ते पान दाखवा.

छातीशी

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवणं, १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाच्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बाळ अजून नाजूक असलं तरी शक्य तितक्या लवकर सुरू करा, आणि दिवसाला आठ तासांपासून जमेल तितकं. गरिबाची सोय म्हणून निघालेली गोष्ट श्रीमंतांच्या रुग्णालयात पोचली, असं फार कमी वेळा होतं.

बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. तुमचा गाऊन समोरून उघडा. पावडर, सेंट, विक्स काही नको. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि जराशी वर, म्हणजे नाक दबत नाही. वरून कापडाने बांधायचं. नळ्या, सीपॅप असतानाही करता येतं, सिस्टर उचलून देते. एकदा घेतलं की निदान तासभर हलू नका, म्हणून आधी लघवीला जाऊन या आणि पाणी प्या. हे कोणी सांगत नाही.

वडिलांनाही करता येतं. मला ताप आला तेव्हा चार दिवस आमच्या ह्यांनी केलं. एसटीच्या गॅरेजमध्ये काम करणारा माणूस, नखातलं काळं निघायला तीन दिवस घासावं लागलं, पण छातीवर लेक अशी झोपायची की अलार्म वाजायचा बंद. ते हळू आवाजात उपासनेतली गाणी गुणगुणायचे. गुणगुणायचेच, गायचे नाहीत. खोली शांत ठेवायची असते, आणि बाळाला गाण्यापेक्षा छातीतली घरघर कळते.

राऊंडच्या वेळी

एक वही करा. रोज पाच गोष्टी: वजन, एका फीडला किती एमएल, ऑक्सिजन किती टक्के, श्वास किती वेळा थांबला, आणि आज काय बदललं. "बाळ कसं आहे" असं विचारलं की "ठीक आहे" एवढंच मिळतं. "कालपेक्षा आज काय बदललं" विचारलं की डॉक्टर थांबतात. पहिल्या आठवड्यात वजन कमी होतं, घाबरू नका. आमची लेक जन्माच्या वजनावर परत यायला चौदा दिवस लागले.

पैशांचं थोडक्यात. सरकारी रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) बाळाचे उपचार मोफत आहेत. खासगीत असाल तर पहिल्याच दिवशी सरकारच्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या तिच्या मदतनिसाला, गाठा, रुग्णालय आणि तुमच्या बाळाचे उपचार त्यात बसतात का ते विचारा. आणि मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, पाकीट दिलं तर घ्या. आम्ही आधी नको म्हटलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "तुम्ही दुसऱ्याला दिलं असतं ना?" मग घेतलं.

लोक आणि प्रार्थना

सगळ्यांना उत्तरं द्यायचं काम एका माणसावर सोपवा. आमच्यात ते दिरांनी केलं. रोज संध्याकाळी एक निरोप, त्यात त्या दिवसाची एकच विनंती. "बाळांसाठी प्रार्थना करा" असं मोघम नको. "आज फीड चार एमएलवरून पाच एमएल होतंय, पोट फुगू नये म्हणून प्रार्थना करा." महिला मंडळातल्या बायका, ज्यांनी आयुष्यात एमएल हा शब्द उच्चारला नव्हता, त्या पाच एमएलसाठी गुडघे टेकत होत्या. आणि कामं वाटून द्या. डबा, कपडे धुणं, रात्री दूध घेऊन जिना चढणं. ज्याला काही करायचंय त्याला काम द्या, नाहीतर तो सल्ला देतो.

बाप्तिस्म्याचं आधीच ठरवून ठेवा, घाईच्या रात्री सुचत नाही. रोमन कॅथलिक मंडळीत जिवाला धोका असेल तर फादर पोचेपर्यंत थांबावं लागत नाही, कोणीही पाणी घेऊन पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने करू शकतं. ज्या मंडळ्यांत बाळांचा बाप्तिस्मा नसतो तिथे आशीर्वादाची प्रार्थना होते. तुमच्या पाळकांना विचारा, आणि डॉक्टरांनाही.

आमच्या मुलाला सातव्या दिवशी संसर्ग झाला. आठव्या रात्री पाळकसाहेब नगरहून आले, कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला. पाणी सिस्टरने दिलं, निर्जंतुक, कापसाच्या बोळ्यावर तीन थेंब. त्याचं नाव तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं. ते इथे लिहीत नाही. पहाटे नळ्या काढल्यावर तो माझ्या हातात दिला. तुमच्यावर ही वेळ आली तर मागून घ्या: हातात घ्यायला, अंगाला स्वच्छ कपडा घालायला, पावलांचा ठसा, एक फोटो. तेव्हा नको वाटतं, तरी मागा. मला मोठ्यांनी सांगितलं, ओल्या बाळंतिणीने दफनभूमीत जायचं नसतं. मी ऐकलं. त्याची खंत अजून आहे. तुम्हाला जायचं असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर जा.

घरचे दफनभूमीकडे गेले आणि इकडे बारा वाजले. बाराला बेबी टूचं फीड. मी वाटी घेतली आणि दूध काढायला बसले. प्रार्थना काही सुचली नाही. पाळकसाहेबांच्या बायको शेजारी बसून राहिल्या, त्यांनीही म्हटली नाही. त्यांनी फक्त वाटी धरली. बावीस एमएल निघालं.

नंतर एक गृहस्थ म्हणाले, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना दाराबाहेर ठेवायचं काम नवऱ्याला द्या. दोन्ही पेट्यांसमोर आम्ही एकच प्रार्थना केली होती, त्याच तोंडाने. मला याचं उत्तर मिळालेलं नाही आणि उत्तराशिवायच मी रविवारी देवळात बसते.

घरी नेण्याआधी

डोळ्यांची तपासणी चुकवू नका. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोखाली जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि अठ्ठावीस आठवड्यांच्या आत किंवा बाराशे ग्रॅमखाली असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. बाळ बरं दिसतं म्हणून पुढची तारीख टाळणाऱ्यांची बाळं कायमची आंधळी होऊ शकतात. वेळेत कळलं तर लेझरने थांबवता येतं. कानाची तपासणी, डोक्याची सोनोग्राफी झाली का, तेही वहीत लिहा. वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) पाजायला तिथेच शिकून घ्या.

लस मात्र जन्मतारखेप्रमाणे. वाढ मोजताना दुरुस्त वय धरायचं: जितके आठवडे आधी आलं तितके वजा. आमची सहा महिन्यांची झाली तेव्हा तीन महिन्यांच्या बाळासारखी होती, आणि शेजारणींना हे समजावून मी थकले. शेवटी तिचे दोन वाढदिवस सांगायला लागले, एक नोव्हेंबरचा आणि एक जानेवारीचा.

तेवीस डिसेंबरला, पन्नासाव्या दिवशी, १७१० ग्रॅमची करून आम्ही तिला नगरला आणलं. कडाक्याची थंडी. डॉक्टरांची ताकीद होती, गर्दी नको, पापे नकोत, सर्दीवाला घरात नको. दिरांनी दारावर वहीचा कागद चिकटवला: 'सलाम. बाळ ठीक आहे. आत येऊ नका.' नातेवाईक रुसले, रुसू दिले.

चोवीसच्या रात्री नाताळची गाणी म्हणत तरुण संघाची मंडळी आली. दरवर्षी ती हॉलमध्ये येऊन चहा-करंज्या खाऊन जातात. या वेळी फाटकाबाहेरच थांबली, ढोलकी गुंडाळून ठेवली, टाळही नाही. मी तिला छातीशी बांधून बंद खिडकीच्या काचेमागे उभी राहिले. बाहेर पंधरा-वीस तोंडं हलत होती, वाफ निघत होती, आवाज जेमतेम येत होता. साडेदहा वाजले होते. अकराला फीड होतं, म्हणून त्यांचं शेवटचं गाणं संपायच्या आतच मी वाटी-चमचा उकळायला गेले.